जुन्या दोषांची वही
मुक्तस्रोत आज्ञावलींची देखभाल आणि लोकसहभाग

बागलाण तालुक्यातील मोसम आणि आरम या नद्यांच्या खोऱ्यांत आजही जुने बंधारे आणि त्यांतून निघालेले पाट पाहावयास मिळतात. फड पद्धत या नावाने ओळखली जाणारी ही सिंचनव्यवस्था काही शतके गावकऱ्यांनीच चालविली. पाणी फिरविण्यासाठी पाटकरी, पिकांच्या राखणीसाठी जागल्या, देखरेखीसाठी हवालदार आणि या साऱ्यांवर गावच्या पंचांची नजर, अशी तिची रचना होती. परंतु या व्यवस्थेचे खरे बळ बंधाऱ्याच्या दगडांपेक्षा एका साध्या नेमात होते. हंगाम सुरू होण्यापूर्वी सर्व लाभधारकांनी एकत्र यावयाचे, पाटातील गाळ काढावयाचा आणि खचलेली बाजू बांधून घ्यावयाची, हा तो नेम होय. ज्या वर्षी हा नेम चुकला, त्या वर्षी शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचले नाही.

या जुन्या व्यवस्थेची आठवण आज एका अगदी नव्या क्षेत्राच्या संदर्भात होते. शाळा, महाविद्यालये, ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि शासकीय कार्यालये यांतून संगणक रुळला आहे. त्यावर चालणाऱ्या आज्ञावलींपैकी, म्हणजेच सॉफ्टवेअरपैकी, बराच मोठा भाग जगभरच्या स्वयंसेवकांनी घडविलेला आणि सांभाळलेला असतो. हा पाटही सर्वांच्या मालकीचा असून त्यातही गाळ साचतो. कोणीतरी नोंदविलेले, परंतु वर्षानुवर्षे न सुटलेले दोष हाच तो गाळ होय. तो का साचतो, काढावयाचा कसा आणि या कामी मराठी वापरकर्त्याचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मुक्तस्रोत म्हणजे काय?

आज्ञावली म्हणजे संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे याच्या सूचनांचा संच. या सूचना ज्या मूळ स्वरूपात लिहिल्या जातात त्यास स्रोत म्हणतात. बहुतेक व्यापारी कंपन्या हा स्रोत स्वतःजवळ ठेवतात. मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स आज्ञावलींच्या बाबतीत मात्र तो कोणालाही वाचता येतो, त्यात दुरुस्ती करता येते आणि दुरुस्त केलेली प्रत दुसऱ्याला देता येते.

या चळवळीचा पाया रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाने घातला. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, तर ओपन सोर्स ही संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनच्या मुळाशी लिनक्सचा गाभा आहे. भारत सरकारनेही २०१५ मध्ये धोरण जाहीर करून शासकीय संगणकीकरणात मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे ठरविले.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. मुक्तस्रोताचे सर्वच काम विनावेतन चालते असे नाही. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे बहुसंख्य तज्ज्ञ आज कोणत्या ना कोणत्या कंपनीचे वेतन घेतात. तथापि ज्यांवर मोठ्या इमारती उभ्या आहेत अशा कितीतरी लहान आज्ञावली एकदोन माणसे आपल्या फुरसतीच्या वेळात सांभाळीत असतात. त्यांचा प्रत्येक तास हे एक प्रकारचे श्रमदानच होय, आणि श्रमदानाचा हिशेब पगारी कामाप्रमाणे मांडता येत नाही.

दोष आणि त्याची नोंद

आज्ञावलीतील दोषास बग, म्हणजे किडा, असे म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क दोन या संगणकाच्या एका रिलेमध्ये खराच पतंग अडकलेला आढळला आणि तेथील कर्मचाऱ्यांनी तो कामाच्या नोंदवहीत चिकटवून ठेवला. यंत्रातील दोषाला किडा म्हणण्याची रीत त्याही पूर्वीची आहे. परंतु दोष सापडताच तो वहीत टिपून ठेवण्याची शिस्त या प्रसंगातून चांगली दिसून येते.

आज प्रत्येक मुक्तस्रोत प्रकल्पाची अशी एक सार्वजनिक वही असते. कोणताही वापरकर्ता त्यात दोष नोंदवू शकतो. नोंदीस क्रमांक मिळतो, तिच्याखाली चर्चा होते आणि दोष दूर झाल्यावर ती बंद केली जाते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या प्रकल्पाच्या वहीने २०२१ च्या नोव्हेंबरात दहा लाखावा क्रमांक गाठला. याचा अर्थ दहा लाख दोष शिल्लक आहेत असा नव्हे. त्यांपैकी बहुतेक नोंदी कधीच निकालात निघाल्या आहेत. मात्र एवढ्या मोठ्या वहीचा सांभाळ हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते, हे या आकड्यावरून ध्यानात यावे.

नोंदी जुन्या का होतात?

एखादी नोंद दहा-वीस वर्षे पडून राहिली की वापरकर्त्यास तो निष्काळजीपणा वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे निरनिराळी कारणे असतात आणि ती ओळखल्याशिवाय उपाय सापडत नाही.

पहिले कारण म्हणजे दोष पुन्हा घडवून दाखविता न येणे. मोटारीतून येणारा आवाज गॅरेजमध्ये गेल्यावर नेमका बंद व्हावा, तसा हा प्रकार आहे. दुरुस्ती करणाऱ्याच्या संगणकावर दोष दिसतच नाही, तेव्हा तो हात कोठे घालणार? दुसरे कारण दोषाच्या लहानपणाचे. त्याने काम अडत नाही, म्हणून प्रत्येक वर्षी अधिक तातडीचे काहीतरी पुढे येते. फायरफॉक्स या न्याहाळकात, दुसरी खिडकी उघडली तरी सूचनेची लहान चौकट वरच रेंगाळत राहण्याचा एक दोष होता. तो २००२ मध्ये नोंदविला गेला आणि २०२३ मध्ये दूर झाला. नोंद झाली त्या वर्षी जन्मलेले मूल तोपर्यंत पदवीधर होण्याच्या वयाचे झाले होते!

तिसरे कारण अधिक गंभीर आहे. दोष ज्या भागात आहे तो भाग लिहिणारी व्यक्ती प्रकल्प सोडून गेलेली असते आणि तो भाग समजणारे दुसरे कोणी उरलेले नसते. चौथे कारण असे की, दोष दूर केल्यास त्याच दोषाशी जुळवून घेऊन चाललेल्या इतरांचे काम बिघडते. पाचवे कारण म्हणजे दोष कोणा एकाच्या हद्दीत नसणे. चार प्रकल्पांच्या शिवा जेथे मिळतात तेथे तो असतो, आणि प्रत्येक जण प्रामाणिकपणे दुसऱ्याकडे बोट दाखवितो. मराठी वाचकास या पाचव्या कारणाचा दाखला शोधण्यासाठी दूर जावयास नको. तो आपल्याच लिपीत आहे.

मराठी अक्षरांचा दाखला

मराठीत अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. समुद्र या अर्थाचा 'दर्या' आपण रफाराने लिहितो, तर सह्याद्रीच्या 'दऱ्या' लिहिताना र चे पापणीसारखे वळण काढतो. आचार्य आणि आचारी यांची 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ही रूपे या एका वळणानेच वेगळी राहतात. वऱ्हाड आणि कऱ्हाड ही स्थळनामे, बोऱ्हाडे आणि कुऱ्हाडे यांसारखी आडनावे त्याच वळणावर उभी आहेत. हिंदीत या अक्षराची गरज पडत नाही. त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी अशा समजुतीने चाललेल्या कामात त्याकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक होते.

जगातील सर्व लिप्यांना संगणकावर एकच सांकेतिक क्रमव्यवस्था देणाऱ्या युनिकोड मानकाची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. त्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या भारतीय इस्की संकेतावरून घेतली आहे. पापणीचा र साठविण्याच्या दोन रीती या मानकात मान्य आहेत. एका रीतीत साधा र, त्याचा पाय मोडण्याचे चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी तीन चिन्हे एकापुढे एक येतात. दुसऱ्या रीतीत खाली टिंब असलेला ऱ आणि पाय मोडण्याचे चिन्ह अशी दोनच येतात. पडद्यावर आणि कागदावर दोन्हींचे रूप एकसारखे दिसते. संगणकाच्या पोटात मात्र ते दोन वेगळे शब्द असतात.

समजा, एखाद्या शाळेने शिष्यवृत्तीची यादी एका कळफलकावर टंकलिखित केली आणि तालुक्याच्या कार्यालयात दुसऱ्या कळफलकावर बोऱ्हाडे हे आडनाव टंकून शोध घेतला. नाव यादीत आहे, डोळ्यांना दिसते, परंतु संगणक ते नाही म्हणून सांगतो. यादी शेदोनशे नावांची असेल तर माणूस डोळ्यांनी शोधील. ती पन्नास हजार नावांची असेल तर त्या विद्यार्थ्याचे नाव राहून जाण्याचा धोका संभवतो.

हा दोष कोणाचा? कळफलक बनविणाऱ्याने मान्य रीतच वापरली. फॉन्ट तयार करणाऱ्याने दोन्ही रीतींना योग्य रूप दिले. शोध घेणाऱ्या आज्ञावलीने जे साठविले होते तेच पाहिले. मानकाने जुने दस्तऐवज निरुपयोगी होऊ नयेत म्हणून दोन्ही रीती ठेवल्या. कोणाचीच चूक नाही आणि तरीही विद्यार्थी अडचणीत आहे! दोन्ही रीती शोधताना समान मानाव्यात असे शोधाचे काम पाहणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला वेगवेगळे पटवून द्यावे लागते, आणि ते पटवून देण्यास मराठी जाणणारा माणूस लागतो.

ॲ या अक्षराची कथाही बोधप्रद आहे. बॅट, बँक यांतील स्वर शब्दाच्या आरंभी आला की मराठीत ॲ लिहितात. परंतु या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ च्या ५.१ या आवृत्तीत मिळाले. तोपर्यंत लोक अ वर चंद्राची मात्रा ठेवून काम भागवीत, आणि काही आज्ञावली त्या जागी ठिपक्यांचे वर्तुळ दाखवीत. मानकात अक्षर आले म्हणून काम संपले नाही. ते फॉन्टांत काढावे लागले, कळफलकावर बसवावे लागले, वर्णानुक्रमात त्याची जागा ठरवावी लागली आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या शब्दसूचीत घालावे लागले. यांतील प्रत्येक काम वेगळ्या मंडळींकडे असते. उगमाशी पाणी सोडले तरी प्रत्येक चारीचे दार स्वतंत्रपणे उघडावे लागते, तसाच हा प्रकार होय.

या वाटेवर महाराष्ट्रातून झालेले एक काम येथे नमूद करण्यासारखे आहे. लोहित हा भारतीय लिप्यांचा फॉन्टसंच पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरविला आणि रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये तो मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केला. २०११ मध्ये त्यास फॉन्टांसाठीचा अधिक सोयीचा मुक्त परवाना मिळाला. अक्षरे जुळवून त्यांची जोडाक्षरे करण्याचे काम पूर्वी निरनिराळ्या आज्ञावली आपापल्या परीने करीत आणि एकच दोष चार ठिकाणी नोंदवावा लागे. आता फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि २०१७ पासून लिब्रऑफिसही या कामासाठी हार्फबझ हे एकच मुक्तस्रोत साधन वापरतात. म्हणजे एका जागी केलेली दुरुस्ती सर्वांना मिळते. जुन्या नोंदींचा मोठा साठा एकदम हलका करण्याचा हा एक खात्रीचा मार्ग आहे.

दुर्लक्षाची किंमत

अक्षराचा दोष मनस्ताप देतो, तर सुरक्षेचा दोष साऱ्या जगाला वेठीस धरतो. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या आज्ञावलीत एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचा भयंकर दोष उघड झाला. तो २०१२ पासून वापरात असलेल्या आवृत्तीत होता आणि त्यामुळे संगणकाच्या स्मृतीतील गुप्त मजकूर परक्याला वाचता येत असे. जगातील बँका आणि सरकारे ज्या आज्ञावलीवर विसंबून होती, तिची देखभाल मूठभर माणसे करीत होती आणि त्यांच्या हाती येणाऱ्या देणग्या वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर एवढ्याच होत्या, हे तेव्हा लोकांच्या ध्यानात आले.

यानंतर त्या प्रकल्पाने जून २०१४ अखेर जो आराखडा प्रसिद्ध केला तो अभ्यासनीय आहे. आपल्या वहीत कित्येक वर्षे उघड्या राहिलेल्या नोंदींचा साठा झाल्याचे त्यात प्रारंभीच मोकळेपणाने मान्य केले होते. नव्या नोंदीस चार कामकाजाच्या दिवसांत पहिले उत्तर द्यावयाचे आणि जुन्या नोंदी क्रमाने तपासावयाच्या, असे उद्दिष्ट त्यात ठेवले होते. पहिले उत्तर म्हणजे दुरुस्ती नव्हे. परंतु आपली नोंद कोणीतरी वाचली एवढे कळले तरी नोंदविणाऱ्याचा विश्वास टिकतो.

याची दुसरी बाजू २०२४ मध्ये दिसली. मजकूर आटोपशीर करून साठविणारी एक्सझेड ही लहानशी आज्ञावली अनेक वर्षे एकच व्यक्ती विनावेतन सांभाळीत होती. कामे साचली, दुरुस्त्या उशिरा होतात म्हणून काही अनोळखी मंडळींनी तक्रारींचा सूर लावला आणि दुसऱ्या कोणाला तरी अधिकार देण्याचा आग्रह धरला. मदतीसाठी पुढे आलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास मिळविला आणि अखेर आज्ञावलीत चोरवाट बसविली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर होत असल्याचे जाणवले. त्याने मूळ शोधले आणि मार्चअखेर हा प्रकार उघडकीस आणला. साचलेल्या नोंदींचा बोजा एकट्या थकलेल्या माणसावर टाकला की त्या फटीतून काय शिरू शकते, याचे हे उदाहरण विसरता येणार नाही.

व्यवस्थापनाच्या रीती

जुन्या नोंदींचे काय करावे याबद्दल जाणकारांत दोन मते आहेत. एक मत असे की, ठरावीक काळ हालचाल न झालेली नोंद आपोआप बंद करावी, म्हणजे वही आटोपशीर राहते आणि काम करणाऱ्याचे मन दडपून जात नाही. दुसरे मत असे की, दोष असेपर्यंत नोंद उघडीच असावी, कारण ती लोकांनी कष्टाने दिलेली माहिती आहे. नवी आवृत्ती आली म्हणून जुन्या सर्व नोंदी एका फटक्यात बंद करावयाच्या आणि लोकांनी तेच दोष पुन्हा नोंदवावयाचे, असे चक्र काही प्रकल्पांत चालले आणि त्यामुळे चांगले नोंदकर्ते कायमचे दुरावले, हेही खरे आहे.

दोन्ही मतांत तथ्य आहे, परंतु दोन्ही अपुरी आहेत. नोंद बंद केल्याने दोष दूर होत नाही आणि ती नुसती उघडी ठेवल्याने कोणी तिची काळजी घेतली असेही होत नाही. प्रत्येक नोंदीची आजची खरी स्थिती वहीत लिहिलेली असणे, हे महत्त्वाचे. अनुभवी प्रकल्पांच्या रीती याच तत्त्वावर बसविलेल्या आहेत.

डेबियनमध्ये प्रत्येक नोंदीस गांभीर्याची श्रेणी दिली जाते. सर्वांत वरच्या तीन श्रेणींतील दोष शिल्लक असलेला भाग सहसा नव्या आवृत्तीत घेतला जात नाही, तर सर्वांत खालची श्रेणी केवळ इच्छा व्यक्त करणाऱ्या नोंदींची असते. अधिक माहिती हवी, मदत हवी, दुरुस्ती तयार आहे, मूळ प्रकल्पाकडे पाठविले, दुरुस्त करणार नाही, अशा खुणाही नोंदीवर करता येतात. यांतील शेवटची खूण वाचून राग येतो. परंतु स्पष्ट नकार मिळालेला माणूस दुसरा मार्ग शोधतो, तर उत्तरच न मिळालेला माणूस नुसती वाट पाहत राहतो. ज्या भागास कोणी वाली उरलेला नाही त्याची वेगळी यादी हा प्रकल्प उघडपणे प्रसिद्ध करतो आणि तो दत्तक घेण्याचे आवाहन करतो. शिवाय दोषनिवारणासाठी स्वयंसेवक एखाद्या शनिवार-रविवारी एकत्र जमून नोंदींचा फडशा पाडतात. आपल्याकडील पाटसफाईच्या दिवसाशी याचे साम्य सहज लक्षात येईल.

सप्टेंबर २०१० मध्ये सुरू झालेल्या लिब्रऑफिस या कार्यालयीन आज्ञावलीच्या प्रकल्पात नवी नोंद प्रथम 'अपुष्ट' समजली जाते. दुसऱ्या कोणी तोच दोष आपल्या संगणकावर पाहिल्यावर ती पक्की होते. दीर्घकाळ हालचाल नसलेल्या नोंदीच्या कर्त्यास, आजच्या आवृत्तीत दोष अजून आहे काय, हे पाहून कळविण्याची विनंती केली जाते. विचारलेली माहिती कित्येक महिने मिळाली नाही, तरच अपुऱ्या माहितीच्या कारणाने नोंद बंद होते. दोष नेमक्या कोणत्या बदलानंतर शिरला हे जुन्या आवृत्ती एकामागून एक चालवून शोधण्याचे साधनही या प्रकल्पाने स्वयंसेवकांच्या हाती दिले आहे. ते वापरण्यास आज्ञावली लिहिता येणे आवश्यक नाही. चिकाटी मात्र हवी.

डोनाल्ड नूथ यांची रीत आणखी निराळी आहे. ग्रंथमुद्रणासाठी त्यांनी लिहिलेल्या टेक या आज्ञावलीतील दोष दाखविणाऱ्यास ते २००८ पर्यंत बक्षिसाचा धनादेश देत असत. ते नोंदी रोजच्या रोज पाहत नाहीत. २०१४, २०२१ अशा ठरलेल्या वर्षीच पाहतात आणि पुढील पाहणी २०२९ मध्ये होईल असे त्यांनी सांगून ठेवले आहे. आपल्या पश्चात आज्ञावलीत काहीही बदलू नये, उरलेले दोष हे तिचे गुणच समजावेत, असेही त्यांनी मिस्कीलपणे लिहून ठेवले आहे. एवढा संथ कारभार सर्वांना परवडणारा नाही. तथापि उत्तर केव्हा मिळेल हे आधी सांगितले की दीर्घ प्रतीक्षाही सुसह्य होते, हे त्यांच्या उदाहरणावरून शिकण्यासारखे आहे.

आपण काय करू शकतो?

वापरकर्त्याने केलेली चांगली नोंद ही अर्धी दुरुस्ती होय. ती कशी करावी याचे काही साधे नियम आहेत.

१. नोंद करण्यापूर्वी वहीत शोध घ्यावा. तोच दोष आधी नोंदलेला असल्यास नवी नोंद न करता जुनीत भर घालावी.

२. आज्ञावलीची आवृत्ती, संगणकाची कार्यप्रणाली आणि वापरलेला फॉन्ट यांची नावे द्यावीत.

३. दोष पुन्हा घडविण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहाव्यात. काय व्हावयास हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, ही दोन वाक्ये वेगळी असावीत.

४. मराठीच्या बाबतीत शुद्ध रूप कोणते हे दाखविणारे चित्र जोडावे. लिपी न जाणणाऱ्या दुरुस्तीकर्त्यास 'अक्षर चुकीचे दिसते' या वाक्यावरून काहीच बोध होत नाही.

५. एका नोंदीत एकच दोष लिहावा.

६. विचारलेल्या प्रश्नास उत्तर द्यावे, आणि दोष दूर झाल्यावर तपासून तसे कळवावे.

चौथ्या नियमाच्या कामी शासकीय निर्णयांचा आधारही घेता येतो. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवून दिली आणि १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयाने ती सुधारली. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची रूपे हिंदीहून वेगळी आहेत. काही फॉन्टांत ती उपलब्धही असतात. परंतु दस्तऐवजाची भाषा मराठी अशी निवडली असेल तरच उमटतात. 'आमच्या पद्धतीने नाही' एवढे म्हणण्याऐवजी अधिकृत निर्णयाचा दाखला दिला, तर परदेशातील देखभालकर्त्यासही निर्णय घेणे सोपे जाते.

नाशिक जिल्ह्यास या कामाची परंपरा नवी नाही. फड पद्धतीच्या भूमीतच वाघाड प्रकल्पावरील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था स्थापून कालव्यांचा कारभार हाती घेतला आणि त्यांचे काम राज्यभर अभ्यासिले गेले. शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन करण्यासाठी २००५ मध्ये कायदा झाला. कालवा संस्थेच्या ताब्यात देताना अधिकारी आणि शेतकरी यांनी संयुक्त पाहणी करून दुरुस्त्यांची यादी करावयाची असते. अमुक ठिकाणी अस्तर फुटले आहे, अमुक दार गळते, हे आधी कागदावर येते. त्यांतील काय तातडीचे आणि काय पुढील वर्षी, हे मग ठरते. मुक्तस्रोत आज्ञावलीच्या जुन्या नोंदींची छाननी हेही याच जातीचे काम आहे.

जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे आणि मराठी उत्तम जाणणारे हजारो शिक्षक आहेत. महाविद्यालयातील पाच-दहा विद्यार्थ्यांनी सत्रातून एक दिवस ठरवून मराठीशी संबंधित जुन्या नोंदी उघडाव्यात, आजच्या आवृत्तीत त्या तपासाव्यात आणि दोष आहे की नाही एवढेच जरी नोंदवावे, तरी त्याचा फार मोठा उपयोग होईल. आज्ञावली लिहिणाऱ्यांनी लिहावी. भाषेच्या शिक्षकांनी शुद्ध रूप सांगावे. कार्यालयातील टंकलेखकांनी रोज खटकणारी गोष्ट टिपून ठेवावी. जी संस्था मुक्तस्रोत आज्ञावली विनामूल्य वापरते, तिने वाचलेल्या खर्चाचा काही अंश देखभालीसाठी देणे हेही उचित ठरेल.

पाटाच्या शेवटच्या टोकाला ज्याचे शेत असते, गाळाची झळ प्रथम त्यालाच पोहोचते. संगणकाच्या जगात मराठी आज बरीचशी अशा शेवटच्या शेतासारखी आहे. वरच्या अंगाला असलेल्यांना आपली अडचण दिसत नाही, कारण त्यांच्याकडे पाणी व्यवस्थित पोहोचते. तेव्हा ती त्यांच्या वहीत नीट, शांतपणे आणि पुराव्यासह लिहिणे आणि लिहून झाल्यावर सफाईच्या दिवशी स्वतःही फावडे घेऊन हजर राहणे, हाच शेवटच्या शेतापर्यंत पाणी आणण्याचा मार्ग आहे.